लोहाराचा मुलगा मायकेल फॅराडे

थंडीच्या दिवसांत अंधारांत घोंगडी झटकली असतां तडतड आवाज होऊन बारीक ठिणग्या उडतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. घर्षणानें उत्पन्न होणारी ही वीज व आकाशांत कडाडणारी वीज ह्या एकाच जातीच्या होत. ती धातूवर कशी वागते, हें ज्यांनीं स्वतःचा देह पुढें करून दाखविलें, त्या मायकेल फॅराडे ह्यांचें अल्प चरित्र आम्ही आज देत आहों.

मायकेलचा जन्म लंडनजवळ न्यूइंग्टन येथें ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं झाला. बाप लोहारकाम करी; पण त्याची प्रकृति बरी नसल्यामुळें घरीं दारिद्र्य होतें. १८०१ सालच्या महागाईंत मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एकच पाव येई. लिहिणें, वाचणें व थोडें गणित एवढेंच त्याचें शिक्षण. चौदाव्या वर्षानंतर तो एका पुस्तकविक्याकडे बांधणीचें काम शिकूं लागला. बांधावयास आलेल्या ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख वाचून त्यानें गांठच्या पैशांतून एक लहान विद्युद्यंत्र तयार केलें. १८१२ सालीं त्यानें सर हम्फ्री डेव्ही ह्यांचीं व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टांचणें स्वतः बांधून त्यांजकडे पाठविलीं व काम मागितलें. मार्च १८१३ मध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत तो मदतनीस झाला.

पुढें त्याच संस्थेंत, जानेवारी १८३६ मध्यें, फॅराडे ह्यांनीं बारा फूट लांब, रुंद व उंच अशी एक लांकडी पेटी उभारली. तीस तांब्याची तार गुंडाळून कागद व कथिलाचा वर्ख लाविला, आणि विजेस जमिनींत जाण्याची वाट राहूं नये अशी ती ठेविली. मग ते स्वतः पेटलेल्या मेणबत्त्या व नाजूक विद्युद्दर्शकें घेऊन आंत शिरले. बाहेरून मोठ्या यंत्रानें पेटीस वीज देण्यांत आली. बाहेरच्या अंगावरून ठिणग्या उडूं लागल्या. पण आंत विद्युद्दर्शकाचें पान हाललें नाहीं.

१८४३ सालीं त्यांनीं दुसरा प्रयोग केला. बर्फ ठेवण्याचें धातूचें भांडें घेऊन त्याची बाहेरची बाजू सोन्याच्या वर्खाच्या विद्युद्दर्शकास जोडली. विद्युद्भार दिलेला पितळेचा गोळा रेशमी दोऱ्यानें आंत सोडतांच वर्खाचीं पानें फांकलीं. गोळा तळास टेकला, तरी पानें तशींच राहिलीं. पण बाहेर काढून पाहतां गोळ्यावर विजेचा लेशही उरला नव्हता. सारा भार भांड्याच्या बाहेरच्या पृष्ठावर गेला होता.

ह्याचें कारण असें कीं, एकाच जातीचे विद्युद्भार एकमेकांस दूर लोटतात. धातूंत त्यांस हालचालीस मोकळीक असल्यामुळें ते बाहेरच्या पृष्ठावर जाऊन स्थिर होतात. म्हणून पत्र्याच्या बंद मोटारींत बसलेला मनुष्य, धातूच्या भागांस हात न लावील तर, विजेपासून पुष्कळ सुरक्षित असतो. परंतु उघडी गाडी किंवा खांबांवरचें नुसतें पत्र्याचें छप्पर म्हणजे अशी पेटी नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वीज कडाडत असतां झाडाखालीं तर मुळींच उभें राहूं नये.

फॅराडे ह्यांनीं १८२१ सालीं सँडेमेनियन नांवाच्या लहान ख्रिस्ती मंडळींत आपला विश्वास प्रगट केला व १८४० सालीं ते तिचे वडील झाले. सरदारकीचा किताब त्यांनीं नाकारिला. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही १८५७ सालीं घेतलें नाहीं. शेवटपर्यंत साधें नांव ठेवून ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांनीं देह ठेविला. लंडनच्या हायगेट स्मशानभूमींत त्यांची कबर आहे.

मानसन्मानाच्या ठिणग्या त्यांच्याभोंवतीं पुष्कळ उडाल्या. पण त्या पेटींतल्याप्रमाणें त्यांच्या अंतःकरणांतही त्यांचा शिरकाव झाला नाहीं, असें आम्हांस वाटतें.