टायरवर नाव आहे, पण कंपनी त्याची नव्हे

थंडीत गाडी घेऊन मनाली-स्पितीला जायचे बेत कॅन्टीनमध्ये शिजायला लागले की टायरचा वाद हमखास रंगतो. आहेत तेच चालतील, की जाड नक्षीचे ऑल-टेरेन टाकायचे? विंटर टायर म्हणजे नक्की काय? या वादाच्या मुळाशी एक कर्जबाजारी माणूस आहे. चार्ल्स गुडइयर.

जन्म १८००चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. वडिलांबरोबरचा हार्डवेअरचा धंदा बुडाला आणि कर्जापायी पठ्ठ्या थेट तुरुंगात गेला. तेव्हा तिकडे रबराची हवा होती, पण ते रबर म्हणजे डोकेदुखी. उन्हाळ्यात वितळून चिकट व्हायचं, थंडीत दगड! गुडइयरनं यावर उपाय शोधायचं मनावर घेतलं. रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, खिशात दमडी नाही. प्रयोगशाळा म्हणजे घरचं स्वयंपाकघर, आणि अवजार म्हणजे बायको क्लॅरिसाचं लाटणं. मध्येच यश आल्यासारखं वाटलं, सरकारकडून टपालाच्या पिशव्यांचं कामही मिळालं. उन्हाळ्यात त्या पिशव्यांचा लगदा झाला.

नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या माणसाकडून त्याला गंधकाची युक्ती मिळाली. १८३९मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं करपलं. तो तुकडा त्यानं कडाक्याच्या थंडीत रात्रभर दाराबाहेर खिळ्यानं ठोकून ठेवला, असं सांगतात. सकाळीही तो लवचीकच! विंटर टायरची पहिली चाचणी हीच म्हणायला हरकत नाही.

झालं होतं असं, की उष्णतेनं गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. तरी थंडीचा प्रश्न पुरता सुटला नाहीच. साधारण ७ अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटू लागते. म्हणून विंटर टायरचं मिश्रण मऊ ठेवतात, वर बर्फ धरणाऱ्या बारीक चिरा. पुण्याच्या उन्हात मात्र ते भराभर झिजतील. ऑल-टेरेनची जाड नक्षी चिखल-खडीत कामाची, पण नक्षी दांडगी म्हणून रबर थंडीचं असेलच असं नाही. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह दिसलं, तरच बर्फाचा भरवसा धरा.

पुढं किती उष्णता, किती वेळ, हे जमवण्यात गुडइयरची काही वर्षं गेली. घरातलं सामान विकलं, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा. (हे वाचताना त्याचा रागच येतो.) १८४४मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, पण इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं आधीच बाजी मारली होती. अमेरिकेतला गाजलेला खटला डॅनिएल वेबस्टरसारखा बडा वकील देऊन १८५२मध्ये जिंकला खरा, पण वकिलाची फीच १५ हजार डॉलर. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनानंतर फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला, तोही कर्जापायी तिथल्या तुरुंगात असताना!

१८६०मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो गेला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. गुडइयर टायर कंपनी निघाली १८९८मध्ये, ॲक्रन गावी. काढली फ्रँक सायबरलिंगनं. नाव गुडइयरच्या स्मरणार्थ दिलं. त्याच्या घराण्याचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता.