व्हिन्सेंटची देवघेव

तासाला मागच्या बाकावर बसून वहीच्या कडेला चित्रे काढणारी मंडळी प्रत्येक महाविद्यालयात असतात. त्यांतलाच मी एक, आणि माझा एक मित्रही तसाच. रविवारी सकाळी आम्ही दोघे एस. टी. स्टँडवर जाऊन बसत असू. गाडीची वाट पाहणारी माणसे झरझर कागदावर उतरवायची आणि मग चहा पिता पिता वह्यांची अदलाबदल करायची, असा आमचा नेम होता. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीचे एक मोठे चित्र कोळशाने काढले. पंधरा दिवस त्यावर खपलो आणि मोठ्या हौसेने ते मित्राला दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि सांगितले, की चेहरा ठीक आहे, पण आजीचा हात हात वाटत नाही, वाळू भरलेली पिशवी वाटते. मी चित्र गुंडाळले आणि घरी आलो. पुढे चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वही तर मी कोणालाच दाखवली नाही.

त्याच चार महिन्यांत ग्रंथालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांचे एक जाडजूड पुस्तक हाती लागले. त्याचा कान, त्याचे वेड आणि त्याचा करुण शेवट या गोष्टी इतरांप्रमाणे मलाही ऐकून ठाऊक होत्या. पत्रांत मात्र निराळाच माणूस भेटला. कागदावर चार रेघा उमटल्या, की त्या दुसऱ्याला दाखवल्यावाचून ज्याला चैन पडत नसे, असा माणूस! त्याचीच ही ओळख.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. सोळाव्या वर्षी तो हेग शहरात चित्रे विकणाऱ्या गुपील कंपनीत नोकरीला लागला. तेथून लंडन, मग पॅरिस. आणि १८७६ मध्ये नोकरी सुटली. त्यानंतर शिक्षकी करून पाहिली, पुस्तकांच्या दुकानात काम केले, धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभून सोडला. शेवटी बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात तो धर्मप्रचारक म्हणून गेला. अंगावरचे कपडेसुद्धा खाणकामगारांना देऊन टाकणारा हा प्रचारक वरिष्ठांना पसंत पडला नाही. तेही काम गेले.

१८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. आपल्यापैकी कित्येकांना विसाव्या वर्षीच उशीर झाल्यासारखे वाटते! बार्ग नावाच्या चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले चित्रकलेचे धडे त्याने पुन्हा पुन्हा गिरवले. मिये या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरून नकला केल्या. धाकटा भाऊ थिओ त्याच गुपील कंपनीत नोकरीला होता. तो पैसे पाठवू लागला. त्या पैशांच्या बदल्यात आपली चित्रे ही थिओची मालमत्ता, असे व्हिन्सेंटने पुढे ठरवून टाकले. नुसते उपकार घेणे त्याला मानवणारे नव्हते.

याच वर्षी ब्रुसेल्समध्ये त्याला अँथन व्हान राप्पार्ड हा तरुण चित्रकार भेटला. राप्पार्ड खानदानी, रीतसर शिक्षण घेतलेला. व्हिन्सेंट फाटका आणि स्वयंशिक्षित. तरीही दोघांचे जमले. पाच वर्षे पत्रे आणि रेखाटने यांची ये-जा चालू होती. त्या काळी ‘ग्राफिक’, ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ अशा इंग्रजी साप्ताहिकांत लाकडी ठशांवरून छापलेली गोरगरिबांच्या जीवनाची चित्रे येत. ती कापून जमवण्याचा दोघांनाही नाद. एखादे चित्र दोनदा मिळाले, की जादा प्रत दुसऱ्याकडे रवाना होई. पोरांनी काड्यापेट्यांच्या छापांची अदलाबदल करावी तसा हा प्रकार; पण त्यातूनच दोघांची नजर तयार होत होती.

१८८१ च्या अखेरीपासून १८८३ पर्यंत व्हिन्सेंट हेगमध्ये होता. हा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे तो दिसेल त्या साधनाने चित्र काढून पाहत होता. नात्यातला नामवंत चित्रकार अँटन मॉव्ह याने त्याला जलरंगाची आणि तैलरंगाची वाट दाखवली. परंतु त्याचा जीव रमला तो काळ्या रंगात. सुताराची जाड पेन्सिल, शाई, कोळसा, डोंगरी खडू, शिळाप्रेसचा तेलकट खडू हे सारे त्याने हाताळले. पेन्सिलीची चकाकी त्याला नकोशी वाटे. ती मारण्यासाठी तो चित्रावर दूध आणि पाणी ओतत असे. घरात खायला दूध असो वा नसो!

१८८२ च्या नोव्हेंबरात त्याने शिळाछापाचा प्रयोग केला. अनाथाश्रमातील वृद्ध हे त्याचे नमुने. थोड्या पैशांत तासन् तास बसणारे. एका वृद्धाचे चित्र दगडावर उतरले, तेव्हा छापखान्यातील कामगारांनी भिंतीवर लावण्यासाठी त्याची प्रत मागितली. व्हिन्सेंटला केवढा आनंद झाला! कामगारांच्या घरात लागेल असे स्वस्त, छापील चित्र काढावे, हा विचार त्याच्या मनात घोळतच होता.

१८८३ च्या अखेरीस तो आईवडिलांकडे न्यूनेन या खेड्यात गेला. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांच्या आणि विणकरांच्या चेहऱ्यांचे अभ्यास केले. एक नाही, दोन नाही, डझनावारी. त्या चेहऱ्यांतून १८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र उभे राहिले. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पाच माणसे एका ताटातले बटाटे खात आहेत, आणि ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात जात आहेत. याच चित्राचा शिळाछाप त्याने केला आणि मोठ्या उमेदीने राप्पार्डला पाठवला.

राप्पार्डचे उत्तर आले ते कडक. आकृत्या निष्काळजीपणे काढल्या आहेत, मागच्या बाईचा हात खरा नाही, उजवीकडच्या माणसाला गुडघा आणि फुप्फुसे असायला नकोत काय, अशा अर्थाची हजेरी त्याने घेतली होती. व्हिन्सेंटने ते पत्र तसेच्या तसे परत पाठवून दिले. पुढे पत्रापत्री झाली, समेटाचे प्रयत्न झाले. परंतु त्याच वर्षी पाच वर्षांचा स्नेह संपला. हा मजकूर वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. तोच हात आणि तोच अबोला! मनातून मला बरेच वाटले, की एवढा मोठा चित्रकारही माझ्यासारखाच रागावला.

पण पुढची पाने वाचली आणि तो आनंद टिकला नाही. पत्र परत पाठवणाऱ्या या माणसाने त्याच उन्हाळ्यात काळ्या खडूने मोठमोठी रेखाटने काढली: पेंढ्या बांधणारे, खणणारे, वाकून वेचणारे शेतकरी. आता तो बाहेरची रेघ आधी ओढत नव्हता; शरीराचा गोलवा आतून बाहेर रचत होता. कपड्यांखाली हाडामांसाचा देह आहे हे या चित्रांत स्पष्ट जाणवते. तोंडाने त्याने टीका झिडकारली. हाताने मात्र दुरुस्ती केली. मी यातले फक्त पहिलेच केले होते.

१८८६ च्या मार्चमध्ये तो पॅरिसला थिओकडे गेला. कोर्मोंच्या चित्रशाळेत तुलूझ लोत्रेक, एमिल बर्नार आणि ऑस्ट्रेलियन जॉन रसेल यांच्याशी ओळखी झाल्या. येथे चित्रकार एकमेकांनाच नमुना करीत. रसेलने १८८६ मध्ये तैलरंगात त्याचे व्यक्तिचित्र केले, तर लोत्रेकने १८८७ मध्ये पेस्टलमध्ये. नमुन्याला द्यायला पैसे नसले, की व्हिन्सेंट आरसा पुढ्यात घेई. पॅरिसच्या दोन वर्षांत त्याने वीसहून अधिक आत्मचित्रे काढली. हॉलंडमधला काळोख निघून गेला आणि कॅनव्हासवर रंग नाचू लागले. जपानी ठसेचित्रे तर त्याने शेकड्यांनी जमवली.

१८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिणेकडील आर्ल गावी गेला. तेथे बोरूचे बेट मुबलक. बोरू कापायचा, शाईत बुडवायचा आणि ठिपके, आखूड रेघा, वळसे यांनी शेत आणि आभाळ भरून काढायचे, असा सपाटा त्याने लावला. त्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या तैलचित्रांवरून बोरूने रेखाटने करून पाठवली: बर्नारला पंधरा, रसेलला बारा, थिओला पाच. रसेलने गोगँचे एखादे चित्र विकत घ्यावे, अशीही आशा त्यामागे होती. स्वतःचे चित्र खपत नसताना दुसऱ्याच्या चित्रासाठी धडपडणारा हा माणूस!

जपानी चित्रकार आपली चित्रे आपापसांत बदलतात, अशी त्याची समजूत होती. आपणही तसेच करावे असे त्याला वाटले. गोगँ आणि बर्नार तेव्हा ब्रिटनी प्रांतात पाँ-आव्हेन येथे होते. दोघांनी एकमेकांची व्यक्तिचित्रे काढून पाठवावीत, अशी विनंती त्याने केली. त्यांनी थोडी युक्ती केली. प्रत्येकाने स्वतःचेच चित्र काढले आणि मागच्या भिंतीवर दुसऱ्याचे लहान चित्र रंगवले. ही दोन्ही चित्रे आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. उलट टपाली व्हिन्सेंटने गोगँला आपले आत्मचित्र पाठवले. हिरवट पार्श्वभूमी, बारीक कापलेले केस. बुद्धाची उपासना करणाऱ्या जपानी भिक्षूच्या रूपात त्याने स्वतःला पाहिले होते. गोगँने पुढे हे चित्र विकले. म्युनिकच्या संग्रहालयातून नाझी राजवटीने ते ‘अधःपतित कला’ म्हणून बाहेर काढले आणि १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचा लिलाव झाला. आज ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

२३ ऑक्टोबर १८८८ रोजी गोगँ आर्लला राहायला आला. दोघे शेजारी शेजारी ईझल मांडून बसत. कॅफेवाल्याची पत्नी मादाम जिनू हिला त्यांनी एकाच वेळी समोर बसवले; गोगँने कोळशाने शांतपणे रेखाटले, व्हिन्सेंटने तासाभरात तैलरंगात उरकले. स्वभाव जुळले नाहीत. २३ डिसेंबरच्या रात्री भ्रमाच्या झटक्यात व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला. गोगँ निघून गेला. पुन्हा दोघांची भेट झाली नाही.

पत्रे मात्र थांबली नाहीत. १८८९ च्या मे महिन्यात व्हिन्सेंट स्वतःहून सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. बाहेर जाता येत नसे तेव्हा तो मिये, दलाक्रवा, रेम्ब्रां यांच्या काळ्यापांढऱ्या छापांवरून रंगीत चित्रे करी. एकाने बांधलेली चीज दुसऱ्याने आपल्या गळ्यातून गावी तशी. मादाम जिनूचे गोगँने काढलेले ते कोळशाचे रेखाटनही त्याच्यापाशी होते. १८९० च्या फेब्रुवारीत त्याने त्यावरून एकापेक्षा अधिक तैलचित्रे केली, मूळ रेषेचा मान राखून. हे आपल्या दोघांचे मिळून झालेले काम समजावे, अशा अर्थाचे त्याने गोगँसाठी लिहून ठेवले. ज्या मैत्रीचा असा शेवट झाला, तिच्यातूनही त्याने जपण्यासारखे होते ते जपले.

१८९० च्या मेमध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. तेथील डॉ. गाशे यांच्याकडे एचिंगचे छोटे यंत्र होते. आयुष्यातले एकमेव एचिंग त्याने तेथे केले, पाइप ओढणाऱ्या डॉक्टरांचेच. सदतिसाव्या वर्षीही नवे माध्यम दिसले की हात शिवशिवत होते. २७ जुलैला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलै १८९० रोजी थिओच्या सोबतीत त्याने देह ठेवला. अंत्ययात्रेला बर्नार आला होता. शवपेटीभोवतीच्या भिंतींवर व्हिन्सेंटची चित्रे लावलेली होती. सहा महिन्यांच्या आत थिओही गेला. थिओची पत्नी योहाना हिने चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरवली आणि १९१४ मध्ये भावाभावांची पत्रे छापली. बर्नारने आपल्याला आलेली पत्रे त्याआधीच प्रसिद्ध केली होती. आणि राप्पार्ड? त्यानेही व्हिन्सेंटच्या मृत्यूनंतर त्याच्या आईला पत्र लिहून जिवाभावाने त्याची आठवण काढली. परंतु ते वाचायला व्हिन्सेंट नव्हता.

हे वाचले त्या रात्री मी कपाटावरची गुंडाळी काढली. आजीचा हात दिव्याखाली धरून पाहिला. मित्राचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी आजीला पुन्हा बसवले. तिने कुरकुर केली, पण लाडू वळताना जसा हात असतो तसा धरून तासभर बसली. तो कागद घेऊन रविवारी मी स्टँडवर गेलो. मित्र नेहमीच्या बाकावर होता. काही न बोलता मी गुंडाळी त्याच्या हाती दिली, त्याने आपली वही माझ्या हाती दिली.

अंगठा अजून चुकला आहे, असे त्याचे मत पडले. समोर चहा-पाव आला होता. मी पावाचा मऊ तुकडा तोडला, त्याने कोळशाचा अंगठा पुसला आणि मित्राला त्याचा हात टेबलावर ठेवायला सांगितले.