विटोल्ड पिलेत्स्की : मुक्त देशातील एक अभागी वीर

परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या वीरांचा स्वदेश मुक्त होताच गौरव होतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आपल्याकडे १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले, ते पुष्कळ ज्ञातिबांधवांच्या स्मरणात असेल. परंतु सर्वच वीरांच्या ललाटी असे भाग्य नसते. पोलंडचे विटोल्ड पिलेत्स्की यांचे चरित्र याची साक्ष देते.

पिलेत्स्की यांचा जन्म १३ मे १९०१ रोजी एका पोलिश घराण्यात झाला. तरुणपणीच ते १९२० च्या युद्धात लढले. पुढे शेतीवाडी पाहत असता १९३१ साली मारिया नामक शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक पुत्र व एक कन्या झाली. १९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा त्यांनी गुप्त संघटनेचे कार्य पत्करले.

ऑश्विट्झच्या छळछावणीत काय चालले आहे, हे बाहेर कोणास ठाऊक नव्हते. ते जाणण्यासाठी १९ सप्टेंबर १९४० रोजी पिलेत्स्की खोट्या नावाने वॉर्सा शहरात हेतुपुरस्सर जर्मनांच्या हाती सापडले. कैदी क्रमांक ४८५९ म्हणून सुमारे अडीच वर्षे त्यांनी नरकयातना सोसल्या, कैद्यांची गुप्त संघटना उभारली आणि तेथील वृत्तांत बाहेर धाडला. एप्रिल १९४३ मध्ये ते निसटले. १९४४ च्या वॉर्सातील उठावात लढून ते युद्धकैदी झाले व १९४५ मध्ये सुटले.

जर्मन गेले, परंतु रशियाच्या छत्राखालील नवी राजवट आली. तिला स्वतंत्र बाण्याचे जुने सैनिक नकोसे होते. पिलेत्स्की इटलीतील पोलिश सैन्यातून मायदेशी परतले व तेथील वृत्त कळवू लागले. देश सोडण्याची सूचना आली, ती त्यांनी मानली नाही. ८ मे १९४७ रोजी त्यांना अटक झाली. अनन्वित छळानंतर हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांस देहान्ताची शिक्षा देण्यात आली. तत्कालीन पंतप्रधान सिरांकिएविच हे स्वतः ऑश्विट्झचे कैदी होते, तरीही दया झाली नाही. २५ मे १९४८ रोजी पिलेत्स्की यांना गोळी घालण्यात आली. त्यांची समाधी कोठे आहे, हे कुटुंबासही कळू दिले नाही.

कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांनी आश्रय घेतला होता. त्यांपैकी अनेकांनी मायदेशी परतण्याचे का टाळले, हे या चरित्रावरून उमजते.

१९९० साली ती शिक्षा रद्द झाली व २००६ साली पोलंडने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च सन्मान दिला. परंतु ज्या मुलांना देशद्रोह्याची मुले म्हणून वाढावे लागले, त्यांचे बालपण कोण परत देणार? वीरांची कदर त्यांच्या हयातीतच व्हावी, हा बोध आपल्या मुलामुलींनी या चरित्रातून अवश्य घ्यावा.