त्रिंबकजी डेंगळे : निकाल न लागलेला खटला

युसूफ वडगावच्या परिसरातून आषाढीला पंढरपुरी जाणाऱ्या वारकऱ्याला बहुधा ठाऊक नसते, की याच वारीच्या दिवसांत तेथे घडलेल्या एका खुनाने पेशवाईचा शेवट जवळ आणला. २० जुलै १८१५ च्या रात्री विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतणारे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन मारेकऱ्यांच्या हाती सापडले. त्यांच्या जीविताची हमी कंपनी सरकारने घेतली होती. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहण्यात गुंतला होता; वार्ता कळताच त्याने बोट रोखले ते त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर.

संगमनेर भागातील निमगाव जाळीचा हा गृहस्थ साध्या जासूदाच्या नोकरीतून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी झाला, फौजफाटा बाळगू लागला आणि १८१४ मध्ये अहमदाबादचा सुभाही त्याच्याकडे आला. त्याच्या मक्तेदारीच्या कारभारात रयत भरडली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु इंग्रजांच्या वाढत्या पकडीविरुद्ध मराठी सत्ता पुन्हा एकत्र आणावी, हा विचार बाजीरावाच्या दरबारात ज्यांनी नेटाने धरला, त्यांत त्रिंबकजी अग्रभागी होता. एल्फिन्स्टनच्या रोषाचे खरे मूळ खुनात होते की या विचारात?

शास्त्र्यांचे वैरी बडोद्यातही होते. सीताराम रावजींच्या गटावरही संशय होता. त्रिंबकजीविरुद्ध पुरावा गोळा केला तो एल्फिन्स्टनने, दोषही ठरविला त्यानेच. आरोपीला आपली बाजू मांडण्यास न्यायासन लाभलेच नाही. तो निर्दोष होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असता लागलेल्या निकालाला आपली पाठ्यपुस्तके इतक्या निःशंकपणे सत्य कशी मानतात?

बाजीरावाने अखेर त्याला इंग्रजांच्या हवाली केले. ठाण्याच्या किल्ल्यात पहारा गोऱ्या शिपायांचा होता, आणि तेच इंग्रजांना नडले. खिडकीखाली घोडा खरारताना एक मराठी मोतद्दार गाणी म्हणे. गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्याला कळत होता आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही उमगत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी निसटला. शंभू महादेवाच्या डोंगराळ मुलुखात रामोशी, भिल्ल, मांग त्याच्याभोवती जमले. ज्यांना दरबारात उभे राहण्याची सोय नव्हती, त्यांनीच त्याला आसरा दिला.

या सुटकेची किंमत पेशव्याला मोजावी लागली. त्रिंबकजी हाती येईपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड मागण्यात आले. जून १८१७ च्या पुणे तहाने मराठी सत्तेच्या प्रमुखपदावरही त्याला पाणी सोडावे लागले. वर्षभरात राज्यच गेले. बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमला शरण गेला आणि आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिकजवळ अहिरगावी त्रिंबकजी पकडला गेला. त्याच्या वाट्याला तनखा आला नाही. गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात तो अकरा वर्षे कैदेत राहिला आणि १८२९ मध्ये तेथेच वारला.