मुस्तफा कमाल : खडू हातात घेतलेला राष्ट्राध्यक्ष

ईद-ए-मिलादला भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून जुलूस निघतो. कुर्ला, घाटकोपर, जोगेश्वरीहून आपली पोरं लोकल पकडून तिथे जातात. पण ही खिलाफत कोणती, ती कुणी संपवली, आणि तिच्यासाठी आपल्या बुजुर्गांनी गोळा केलेला पैसा शेवटी कुठे पोहोचला, हे घरात विचारलं तर उत्तर सहसा मिळत नाही. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका माणसाच्या आयुष्यात आहेत. तो म्हणजे मुस्तफा कमाल पाशा, पुढे अतातुर्क. आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे त्याच्या लढायांपेक्षा त्याने बदललेली लिपी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

मुस्तफाचा जन्म 1881 मध्ये सलोनिका शहरात झाला. हे शहर आज ग्रीसमध्ये आहे, तेव्हा ते उस्मानी सल्तनतीत होतं. मुलाने मोहल्ल्यातल्या मकतबात शिकावं अशी आई जुबेदा हानम यांची इच्छा होती. वडील अली रझा यांना नव्या पद्धतीची शाळा हवी होती. मुलगा थोडे दिवस मकतबात गेला आणि मग नव्या शाळेत. हा वाद आपल्या घरांतही नवा नाही. वडील लवकर वारले. मुस्तफा लष्करी शाळेत शिरला. तिथे गणिताच्या शिक्षकाने त्याला ‘कमाल’ हे नाव दिलं, असं सांगतात.

1915 च्या गॅलिपोलीच्या लढाईने त्याचं नाव झालं. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला, परकी फौजा देशात घुसल्या, तेव्हा 1919 मध्ये त्याने अनातोलियात जाऊन लढा उभारला. त्याच वर्षी इकडे खिलाफत चळवळ सुरू झाली. तिच्या मध्यवर्ती समितीचं ठाणं मुंबईत होतं आणि छोटानी शेठ तिचे अध्यक्ष होते. हिंदुस्थानभर चंदा जमला आणि त्यातली मोठी रक्कम अंकाराला कमाल पाशांकडे गेली. 1922 मध्ये ते जिंकले, 1923 मध्ये प्रजासत्ताक आलं. आणि 3 मार्च 1924 रोजी त्याच पाशांच्या सरकारने खिलाफतच रद्द केली! ज्यांनी इथे दुआ मागितल्या होत्या, त्यांना हा धक्का पचवणं फार जड गेलं.

पुढचा धक्का लिपीचा होता. तुर्की भाषा कित्येक शतकं अरबी लिपीत लिहिली जात होती, जशी आपली उर्दू लिहिली जाते. उर्दू शिकणाऱ्या मुलांना ठाऊक आहे की ‘स’ साठी सीन, साद आणि से अशी तीन अक्षरं आहेत. ‘ज़’ साठी तर चार. तुर्की मुलांनाही हेच पाठ करावं लागे. उलट तुर्कीत स्वर आठ, आणि ते दाखवायला अक्षरं मोजकीच. एकट्या ‘वाव’ला चार स्वर आणि वर ‘व’ सुद्धा सांभाळावा लागे. ‘झाला’ आणि ‘मेला’ यांचे तुर्की शब्द बोलताना वेगळे, पण लिहिताना अगदी एकसारखे. अमुक माणूस पाशा झाला की पाशा मेला, हे मागचं-पुढचं वाचून ठरवायचं!

दुरुस्तीची चर्चा 1860 च्या दशकापासून चालू होती. कमाल पाशांनी ती एका वर्षात संपवली. 1928 च्या उन्हाळ्यात त्यांनी समिती नेमली. समितीला बदलासाठी काही वर्षं हवी होती. पाशांनी महिन्यांची मुदत दिली. 9 ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलच्या गुलहाने बागेत त्यांनी नवी अक्षरं जाहीर केली. मग फळा आणि खडू घेऊन राष्ट्राध्यक्ष स्वतः गावोगाव फिरले, लोकांना फळ्यापाशी बोलावून लिहायला लावलं. 1 नोव्हेंबरला कायदा झाला. 29 अक्षरांची रोमन वर्णमाला आली, त्यात आठ स्वरांना आठ स्वतंत्र अक्षरं. डिसेंबरपासून वर्तमानपत्रं आणि 1 जानेवारी 1929 पासून पुस्तकं नव्या लिपीत छापणं सक्तीचं झालं. 16 ते 45 वयाच्या लोकांसाठी ‘राष्ट्रशाळा’ उघडल्या. कमाल पाशांना ‘मुख्य शिक्षक’ ही पदवी मिळाली. तुर्कस्तानात आजही 24 नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो, तो त्याचीच आठवण म्हणून.

फायदा झाला, हे मान्य करायला हवं. 1927 च्या शिरगणतीत दहात जेमतेम एकाला वाचता येत होतं. 1935 मध्ये पाचात एकाला येऊ लागलं. अर्थात हे श्रेय एकट्या अक्षरांचं नाही, शाळाही वाढल्या होत्या.

पण किंमतही मोठी होती. काल जो आलिम होता, तो आज निरक्षरांच्या रांगेत बसला. नव्या पिढीला आजोबांची पत्रं, मशिदीवरचे शिलालेख, कबरींवरची नावं वाचता येईनात. खुद्द कमाल पाशांनी 1927 मध्ये सलग सहा दिवस केलेलं प्रसिद्ध भाषण जुन्या लिपीत छापलं होतं. ते पुढे नव्या लिपीत आणि नंतर सोप्या शब्दांतही काढावं लागलं, कारण 1932 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्दही वेचून बाहेर काढले होते.

आणि तो चंद्याचा पैसा? उरलेल्या रकमेतून 1924 मध्ये ‘इश बँक’ उभी राहिली. 10 नोव्हेंबर 1938 रोजी कमाल पाशांचं निधन झालं. त्यांनी मृत्युपत्रात बँकेतल्या आपल्या हिश्श्याचा नफा इतिहास संस्थेला आणि याच भाषा संस्थेला दिला. म्हणजे खिलाफत वाचवायला निघालेला पैसा तुर्की शब्द घडवायच्या कामी आला.

यात आपल्यासाठी काय आहे? महाराष्ट्रातही मोडी गेली, बाळबोध राहिली. आज दर्ग्यांच्या जुन्या सनदा, इनामाची कागदपत्रं वाचायला मोडीचा जाणकार शोधावा लागतो. आता उपनगरांतली आपली मुलं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. ती चांगलं शिकतात, पण दादा-नानांनी उर्दूत लिहिलेली वही त्यांना उघडता येत नाही. आपल्यावर तर कुणी कायदाही केलेला नाही. ही लिपी आपल्या हातून आपोआप सुटते आहे.

एक लिपी शिकायला दुसरी सोडावी लागत नाही. देवनागरी पक्की असलेलं मूल रोज थोडा वेळ बसलं तर उर्दू वाचायला लागतं, हे आम्ही वर्गात पाहतो. तेव्हा या सुट्टीत मुलाला मोबाइल देण्याआधी घरातली ती वही द्या, आणि ज्यांना ती वाचता येते अशा बुजुर्गांच्या शेजारी बसवा.