फादर मेंडेल आणि पिवळी रानफुले

वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे फादर ग्रेगर मेंडेल आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटलेले असतात. उंच रोप, बुटके रोप, तीनास एक हे प्रमाण. पण वाटाण्यानंतर त्यांनी काय केले, हे पुस्तकात सहसा नसते. ते एका पिवळ्या रानफुलाच्या मागे लागले आणि त्या फुलाने त्यांची पुरती दमछाक केली.

त्यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्त्सेनडॉर्फ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. घरची परिस्थिती बेताची. धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या हुंड्यातला वाटा त्यांच्या शिक्षणासाठी दिला. १८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील संत थॉमस मठात, ऑगस्टिनियन संघात दाखल झाले आणि योहानचे ग्रेगर झाले. १८४७ मध्ये गुरुदीक्षा झाली. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र ते नापास झाले! मग मठाने त्यांना शिकायला व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले.

१८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे तपासली. निबंध १८६६ मध्ये छापून आला, पण फारशी कोणी दखल घेतली नाही. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी म्युनिकचे वनस्पतितज्ज्ञ कार्ल नेगेली यांना पत्र लिहिले. नेगेली हायरेसियम या रानफुलांचे मोठे जाणकार होते. नेगेलींनी मेंडेलना भलत्या वाटेला लावले, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. हायरेसियमवर काम करायचे मेंडेलनी त्याआधीच ठरवले होते आणि तसे त्या पहिल्याच पत्रात कळवले होते. नेगेलींनी नंतर रोपे पाठवून मदतच केली.

पावसाळ्यात सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी आपली सोनकी ज्या सूर्यफूल कुळातली, त्याच कुळातले हे हायरेसियम. त्याच्या जाती ओळखणे महाकठीण. बहुतेकांची फुले पिवळी, एखादीच शेंदरी. म्हणून नुसते फूल पाहून भागत नाही. जमिनीलगतची पाने कशी आहेत, मुळाशी धावते फुटवे येतात का, एका दांड्यावर फुलांची डोकी किती, हे बघावे लागते. शेवटी भिंग घेऊन लव तपासायची. ती लांब व सरळ आहे, चांदणीसारखी फाटलेली आहे, की टोकाला चिकट गाठ असलेली? एवढे करूनही दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नाही. युरोपात या फुलांना हजारो नावे दिली गेली आहेत.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर इवल्या फुलांचा गुच्छ असतो. संकर करायचा तर प्रत्येक इवले फूल उमलण्याआधी सुईने चिरून त्यातले पुंकेसर काढावे लागतात. मेंडेल आरसा आणि भिंग लावून प्रकाश एकवटून हे काम करीत. १८६९ मध्ये त्यांचे डोळे इतके थकले की काही महिने काम थांबवावे लागले. त्याच्या आदल्या वर्षीच ते मठाधिपती झाले होते, त्यामुळे कारभाराचा व्यापही होताच.

निकाल तर उलटाच लागला. वाटाण्यात संकराची पहिली पिढी एकसारखी निघे आणि पुढच्या पिढीत गुण वेगळे होत. इथे पहिल्याच पिढीत वेगवेगळी रोपे आली, आणि पुढे त्यांची संतती मात्र हुबेहूब आईसारखी निघत राहिली. मेंडेलनी हे लपवले नाही. जून १८६९ मध्ये ज्या ब्रनोच्या निसर्ग-अभ्यासक मंडळापुढे त्यांनी वाटाण्याचे नियम मांडले होते, तिथेच हा विरोधी निकालही वाचून दाखवला.

पुढची वर्षे मठांवरील नव्या कराविरुद्ध सरकारशी भांडण्यात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. वाटाण्याचा निबंध जगाने १९०० मध्ये पुन्हा वाचला.

हायरेसियमचे कोडे त्यानंतर सुटले. १९०३ च्या सुमारास डेन्मार्कमधील ऑस्टेनफेल्ड आणि राउनकिएर यांनी न उमललेल्या कळ्यांचा वरचा भाग ब्लेडने सपाट कापून टाकला. पुंकेसर गेले, परागकण झेलणारे टोकही गेले. तरीही त्या कळ्यांत बी धरले. बहुतेक हायरेसियम परागाशिवाय बी धरतात आणि त्या बीतून आईचीच प्रत उगवते. एकदा पडलेला बारीकसा फरकही मग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणूनच त्यांच्या इतक्या जाती, आणि म्हणूनच मेंडेल यांच्या वाफ्यात ती संतती तशी निघत होती.