डेव्ह आर्नेसन : कल्पनेतील मोहिमेचे पहिले सूत्रधार

चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि उरलेले प्रत्येकी एक पात्र स्वीकारतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. हा खेळ एका बैठकीत संपत नाही. पुढच्या आठवड्यात तीच पात्रे, त्यांच्या जखमा आणि त्यांनी मिळवलेले धन यांसह कथा पुढे सुरू होते. अशी एखादी मोहीम महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षेही चालते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या खेळाचे जनक म्हणून सामान्यतः गॅरी गायगॅक्स यांचे नाव घेतले जाते. पहिल्या आवृत्तीवर मात्र दोन नावे छापलेली होती. दुसरे नाव डेव्ह आर्नेसन यांचे होते. नियमावली छापून येण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे आर्नेसन आपल्या मित्रांसह अशी मोहीम प्रत्यक्ष चालवत होते.

डेव्ह आर्नेसन यांचा जन्म १ ऑक्टोबर १९४७ रोजी मिनेसोटा राज्यातील हेनेपिन परगण्यात झाला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या आईवडिलांनी त्यांना ॲव्हलॉन हिल या कंपनीचा ‘गेटिसबर्ग’ हा पटावरील युद्धखेळ आणून दिला. अमेरिकी यादवी युद्धातील प्रसिद्ध लढाई त्यात सोंगट्यांनी लढता येत असे. विस्कॉन्सिन राज्यात राहणारे गायगॅक्सही याच खेळामुळे या छंदाकडे वळले होते. दोघांची ओळख होण्यास मात्र अजून काही वर्षे होती. पुढे आर्नेसन यांनी मिनेसोटा विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण घेतले. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत तेव्हा युद्धखेळांची आवड असणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. धातूचे लहानलहान सैनिक टेबलावर मांडून नेपोलियनच्या काळातील लढाया पुन्हा लढण्यात ही मंडळी शनिवार-रविवार घालवीत.

या मंडळातील डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये एक प्रयोग केला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना चार्ल्स टॉटन यांचे ‘स्ट्रॅटेगोस’ हे १८८० मधील युद्धसरावाचे पुस्तक सापडले होते. नियमांत न बसणारी चाल खेळाडूने सुचवली, तर तिचा निर्णय पंचाने करावा, असे तत्त्व त्यात होते. वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव योजले. दोन सैन्ये गावाकडे येत आहेत, एवढी पार्श्वभूमी होती. परंतु खेळाडूंना सैन्याच्या तुकड्या देण्याऐवजी त्यांनी गावातील माणसांच्या भूमिका दिल्या. एक महापौर झाला, दुसरा सावकार, तिसरा विद्यापीठाचा कुलगुरू. थोड्याच वेळात खेळाडू टेबल सोडून कोपऱ्यांत जाऊन आपापसांत खलबते करू लागले. पंचाला कोणी विचारेना. प्रयोग फसला, असे वेस्ली यांना वाटले. मित्रांनी मात्र असाच खेळ पुन्हा ठेवण्याचा आग्रह धरला.

त्यानंतरच्या डावांत आर्नेसन यांची खरी प्रवृत्ती प्रकट झाली. लॅटिन अमेरिकेतील एका काल्पनिक देशावर बेतलेल्या डावात ते अमेरिकी गुप्तचर संस्थेचे बनावट ओळखपत्र तयार करून घेऊन आले आणि त्याच्या बळावर त्यांनी सगळ्यांना झुलवले, अशी आठवण त्या मंडळींत सांगितली जाते. ओळखपत्राविषयी नियमावलीत अर्थातच काही लिहिलेले नव्हते. जे लिहिलेले नाही ते करून पाहता येते, हेच या खेळाचे मर्म असल्याचे आर्नेसन यांनी ओळखले होते.

वेस्ली १९७० मध्ये लष्करी सेवेत गेले आणि पंचाची जागा रिकामी झाली. १९७१ च्या वसंत ऋतूत आर्नेसन यांनी मित्रांना सेंट पॉल येथे आईवडिलांच्या घरी बोलावले. नेहमीप्रमाणे नेपोलियनच्या काळातील लढाई असेल, अशा समजुतीने मंडळी तळघरात उतरली. तेथील टेबल टेनिसच्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक मध्ययुगीन किल्ला उभा होता. त्याचे नाव ब्लॅकमूर. किल्ल्याच्या पोटात भुयारांचे जाळे असून त्यात राक्षसांचा वावर आहे, असे खेळाडूंना सांगण्यात आले. ही कल्पना कशी सुचली याविषयी आर्नेसन यांनी पुढे अनेकदा सांगितले. आदल्या शनिवार-रविवारी दूरचित्रवाणीवर भयपटांमागून भयपट पाहत, कॉननच्या साहसकथा वाचत आणि मक्याच्या लाह्या खात ते बसून होते. नेपोलियनचा त्यांना कंटाळा आला होता.

भुयारात उतरल्यावर खेळाचे स्वरूपच बदलले. युद्धखेळात संपूर्ण रणांगण दोन्ही बाजूंना दिसत असते. ब्लॅकमूरच्या भुयारांचा नकाशा केवळ आर्नेसन यांच्याकडे होता. पुढे वळण आहे, डावीकडे दार आहे, दाराआडून आवाज येतो आहे, असे ते सांगत आणि खेळाडू ऐकून ऐकून आपला नकाशा कागदावर काढत. नकाशा चुकला तर परतीची वाटही चुकत असे. कीर्तनकार श्रोत्यांचा कल पाहून आख्यान खुलवतो, तसे काहीसे कौशल्य येथे लागत होते. फरक इतकाच, की या आख्यानात श्रोतेच पात्रे होती आणि कथा कोणत्या दिशेला जाईल हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसे.

प्रारंभी नियम जुजबी होते. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन युद्धखेळाची नियमावली १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी ड्रॅगन, मांत्रिक आणि अतिमानवी वीर यांच्यासाठी एक पुरवणी जोडलेली होती. आर्नेसन यांनी ती काही काळ वापरली. परंतु सैन्यासाठी केलेल्या नियमांत एक घाव बसला की सैनिक मेला, असा हिशेब असतो. दहा सैनिकांपैकी एक पडल्याने कोणी हळहळत नाही. येथे प्रत्येकाकडे एकच पात्र होते, त्याला नाव होते आणि मागील कित्येक बैठकांचा त्याचा इतिहास होता. ते एका फाशाने गमावण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा आर्नेसन यांनी यादवी युद्धातील चिलखती जहाजांसाठी स्वतः केलेल्या नियमांकडे धाव घेतली. जहाजाचे चिलखत किती जाड आहे आणि किती मारा सोसून ते तरंगत राहील, हे दोन आकडे त्यांनी माणसांना लागू केले. आज संगणकावरील असंख्य खेळांत पात्राच्या उरलेल्या आयुष्याची जी पट्टी दिसते, तिचे मूळ या जहाजांच्या हिशेबात आहे. अनुभवाने पात्राची पातळी चढत जावी, ही योजनाही ब्लॅकमूरमध्ये रुजली.

आणखी एक गोष्ट सूत्रधार म्हणून त्यांची योग्यता दाखवते. भुयारातील धनाच्या मोहाने खेळाडू किल्ल्याच्या रक्षणाकडे दुर्लक्ष करू लागले. आर्नेसन यांनी त्यांना अडवले नाही. शत्रू आला, किल्ला पडला आणि सगळ्या वीरांना दूरच्या एका सरोवराकाठी हद्दपार होऊन नव्याने सुरुवात करावी लागली. आपण केले त्याचे परिणाम होतात आणि आपण तेथे नसतानाही ते जग चालू राहते, हा अनुभव कोणत्याही पटावरील खेळात तोवर नव्हता. मित्र वारंवार परत येत राहिले, ते बहुधा याच कारणाने.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांची भेट १९६९ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे भरलेल्या ‘जेन कॉन’ या खेळाडूंच्या मेळाव्यात झाली होती. माइक कार यांच्यासह दोघांनी मिळून शिडाच्या जहाजांच्या लढायांची एक नियमावलीही १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आर्नेसन आपले मित्र डेव्हिड मेगॅरी यांच्यासह लेक जिनिव्हाला गेले. गायगॅक्स यांच्या घरी त्या रात्री त्यांनी ब्लॅकमूरचा डाव चालवला. गायगॅक्स भारावून गेले आणि त्यांनी नियमांची मागणी केली.

अडचण अशी होती, की नियम मुख्यतः आर्नेसन यांच्या डोक्यात होते. प्रसंग पाहून ते निर्णय देत आणि बैठकीगणिक बदलही करीत. त्यांनी पाठवलेली टिपणे सुमारे २० पानांची होती आणि ती विस्कळीत होती. गायगॅक्स यांनी त्यांवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून आधी सुमारे ५० पानांचा आणि नंतर सुमारे १५० पानांचा मजकूर सिद्ध केला. जंत्र्या, मंत्रांच्या याद्या, राक्षसांचे तपशील, अशी ती मांडणी होती. प्रस्थापित प्रकाशकांकडून प्रतिसाद न मिळाल्याने गायगॅक्स यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३ मध्ये टॅक्टिकल स्टडीज रूल्स अर्थात टीएसआर ही संस्था स्थापन केली. आर्नेसन तिच्यात भागीदार नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, अशा १,००० प्रती निघाल्या. त्या वर्षभरात संपल्या.

येथून पुढची कथा आनंदाची नाही. १९७५ मध्ये ‘ब्लॅकमूर’ ही पुरवणी आली. भुयारातील साहसाचा छापील आराखडा प्रथमच तिच्यात दिला गेला. १९७६ च्या प्रारंभी आर्नेसन टीएसआरच्या नोकरीत रुजू झाले आणि वर्ष संपण्यापूर्वीच बाहेर पडले. १९७७ पासून गायगॅक्स यांनी ‘अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ही सुधारित मालिका काढली. हा वेगळा खेळ असल्याची कंपनीची भूमिका होती. साहजिकच त्यावर आर्नेसन यांचे नाव नव्हते आणि मानधनही नव्हते. १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेले. मार्च १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि दोघांचाही सहनिर्माते म्हणून उल्लेख करण्याचे ठरले.

या वादात दोन्ही बाजूंचे समर्थक आजही आपापली बाजू हिरिरीने मांडतात. गायगॅक्स यांच्याशिवाय हा खेळ सेंट पॉलच्या तळघराबाहेर गेला नसता, हे मान्य करावेच लागते. ज्याने लिहिले त्याचा खेळ, हा कायद्याला समजणारा न्याय आहे. पण बैठकीत घडत जाणाऱ्या, तोंडी निर्णयांवर उभ्या असलेल्या गोष्टीची मालकी कागदाच्या पानांवरून मोजणे हे मुळातच अपुरे माप होते. आर्नेसन यांच्या २० पानांत ब्लॅकमूर मावले नव्हते. हे त्यांच्या लेखनातील उणेपण होते, तसेच ते त्या खेळाचे लक्षणही होते.

आर्नेसन यांनी जजेस गिल्ड या प्रकाशनामार्फत १९७७ मध्ये ‘द फर्स्ट फँटसी कॅम्पेन’ हे पुस्तक काढून ब्लॅकमूरच्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या. १९७९ मध्ये रिचर्ड स्नायडर यांच्यासह केलेला स्वतंत्र खेळ फारसा चालला नाही. १९८६ आणि १९८७ मध्ये टीएसआरने ब्लॅकमूरवरील चार साहसपुस्तिका प्रसिद्ध केल्या. तेवढ्यात गायगॅक्स हेच आपल्या कंपनीतून बाहेर पडले होते आणि ती मालिकाही थांबली. दरम्यान आर्नेसन कॅलिफोर्नियात विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करीत होते. मिनेसोटात परतल्यावर अनेक पैलूंच्या फाशांनी गणित कसे शिकवावे आणि भूमिका घेऊन खेळण्याचा शिक्षणात काय उपयोग होतो, हे सांगण्यासाठी ते शाळांत जात. त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी फ्लोरिडातील फुल सेल या संस्थेत अध्यापन केले. खेळाचे नियम नेमकेपणाने कसे लिहावेत, हा त्यांचा विषय होता. ज्यांच्या अपुऱ्या टिपणांवरून एवढे रामायण घडले, त्यांनीच तरुणांना हा धडा द्यावा, यातील गंमत त्यांनाही जाणवली असावी.

२००२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरही ते २००८ पर्यंत शिकवत होते. मार्च २००८ मध्ये गायगॅक्स यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल २००९ रोजी, कर्करोगाने सेंट पॉल येथे आर्नेसन यांचे निधन झाले. त्यांचे वय ६१ वर्षे होते. लक्षावधी लोक खेळत असलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळाची त्या महिन्यात आलेली सुधारित आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

अलीकडच्या काळात त्यांच्या कार्याची पुन्हा चर्चा होऊ लागली आहे. २०१९ मध्ये ‘सीक्रेट्स ऑफ ब्लॅकमूर’ हा माहितीपट आला. खेळाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने २०२४ मध्ये प्रकाशकांनीच मूळ मसुदे आणि पत्रव्यवहार यांचा एक मोठा ग्रंथ काढला. तिकडे मिनेसोटात आर्नेसन हयात असेपर्यंत एक प्रघात चालू होता. जुने मित्र वर्षातून एकदा जमत, आर्नेसन सूत्रधार होत आणि मंडळी पुन्हा ब्लॅकमूरच्या वाटेला लागत.